पिस्तुलाची खुळखुळ

पलटणीच्या कोतातून, म्हणजे शस्त्रागारातून, वर्कशॉपात दुरुस्तीस येणाऱ्या प्रत्येक हत्यारासोबत एक चिठ्ठी येत असे. परंतु तिच्यातील तक्रारीचा रकाना वाचण्यापूर्वीच, केवळ हत्यार पुढे करण्याच्या ढबीवरून, आणणाऱ्याच्या मनातील शंका ओळखण्याची सवय आम्हां आर्मरर लोकांना काही वर्षांतच जडून जाई. रायफल आणणारा ती खांद्यावरून उतरवून मुकाट्याने बाकावर आडवी ठेवी, मशीनगन आणणारे दोघे असत, आणि ते घाम पुशीत नुसते उभे राहत, पण नऊ मिलिमीटरचे पिस्तूल घेऊन आलेला मनुष्य, मग तो शिपाई असो वा अंमलदार, ते आधी कानाजवळ नेई, दोनदा हलवी, आणि आजारी लेकराला वैद्यापुढे धरावे तशा काळजीने म्हणे, "ऐकलंत? खुळखुळतंय. जरा कसून द्या."

१९५३ पासून १९७७ पर्यंत, म्हणजे चोवीस वर्षे, ईएमईमध्ये, म्हणजे सैन्याच्या यंत्रे-हत्यारे दुरुस्त करणाऱ्या दलात, आर्मररची नोकरी करताना हे वाक्य मी किती वेळा ऐकले याची गणती नाही. ते ऐकून पहिल्या पाच वर्षांत माझ्या हातून जे घडले, आणि पुढच्या एकोणीस वर्षांत मी जे घडू दिले नाही, त्याविषयी आज लिहावयास बसलो आहे. गावाकडे सुतारकी करणाऱ्या घरातला मी मुलगा. लिहिण्याचा सराव तक्रारवह्या आणि हत्यारांची इतिहासपत्रके एवढ्यापुरताच. पण हा विषय माझ्या हातांत मुरलेला आहे, आणि हातांत मुरलेले कागदावर उतरवून ठेवल्यावाचून जाऊ नये असे या वयात फार वाटते.

ज्या वाचकाने हे हत्यार जवळून पाहिलेले नाही त्याला प्रथम स्लाइड म्हणजे काय हे सांगितले पाहिजे. पिस्तुलाचे दोन मोठे भाग असतात. मुठीसह खालची ती चौकट. आणि चौकटीच्या माथ्यावर कोरलेल्या दोन बारीक रुळांवरून मागेपुढे धावणारा, नळीला वरून झाकणारा जो लांबट पोलादी भाग, ती स्लाइड. गोळी सुटली की धक्क्याने स्लाइड मागे जाते, जाता जाता रिकामी पुंगळी बाहेर फेकते, घोडा चढवते, आणि स्प्रिंगच्या जोराने पुढे परतताना मॅगझिनमधले नवे काडतूस नळीत ढकलते. हे सगळे डोळ्याचे पाते लवते न लवते तोच आटोपते. म्हणून तिला रुळांवर मोकळीक हवी. आणि जिथे मोकळीक आहे तिथे, हत्यार हलवले असता, थोडाफार आवाज होणारच.

आमच्याकडे येणारी बहुतेक पिस्तुले ब्राउनिंग घाटाची, आणि कॅनडातील टोरोंटो शहरी इंग्लिस कारखान्यात १९४४-४५ साली तयार झालेली असत. स्लाइडच्या डाव्या अंगावर इंग्लिस आणि कॅनडा ही नावे ठसठशीत कोरलेली असत. ती झिजून पुसट झालेली दिसली की हत्याराने किती हातांतून आणि किती चामडी म्यानांतून प्रवास केला असेल याचा अंदाज येई. ज्या जॉन ब्राउनिंगच्या बुद्धीतून या घाटाचा आरंभ झाला तो अमेरिकन यंत्रज्ञ बेल्जममधील लीएज येथे १९२६ साली वारला. त्याचे अपुरे काम द्यूदोने सेव्ह नावाच्या बेल्जन कारागिराने पुरे केले, आणि बेल्जमच्या सैन्याने ते पिस्तूल १९३५ साली स्वीकारले. तेरा काडतुसांचे मॅगझीन हे त्या काळी मोठे नवल होते. महायुद्धात बेल्जम जर्मनांच्या ताब्यात गेल्यावर हेच पिस्तूल कॅनडात, मुख्यतः चीनच्या मागणीवरून, बनू लागले. आणि त्यांतील काही खेपा हिमालयापलीकडे जाण्याची वाट पाहत कराचीतच अडकून पडल्या. पुढे आपल्या इशापूरच्या कारखान्यातही याच घाटाचे पिस्तूल तयार होऊ लागले. म्हणजे हत्याराच्या कुळाविषयी शंका घेण्यास जागा नव्हती. शंका होती ती आवाजाविषयी.

आणि ती शंका निराधार होती असेही मी म्हणणार नाही. त्या पिढीच्या अंमलदारांचा हात .३८ च्या रिव्हॉल्व्हरवर तयार झालेला होता. ते रिव्हॉल्व्हर मधोमध बिजागरीवर मोडून उघडते, आणि त्याच्या फिरत्या नळकांड्याची सहा घरे एकामागून एक नळीसमोर येऊन उभी राहतात. तिथे बिजागरी सैल झाली किंवा घर नळीशी नीट जुळेनासे झाले, तर तो खराखुरा रोग असतो, आणि तो वेळीच धरला नाही तर शिशाचे कण बाजूला उडून शेजारच्याला इजा होते. रिव्हॉल्व्हरपुरते "ढिले ते वाईट" हे सूत्र अगदी योग्य. फक्त एका हत्याराकडून शिकलेले सूत्र माणसाने दुसऱ्या हत्याराला, त्याची रचना न पाहता, लावले. आणि त्या माणसांत मीही होतो.

१९५८ सालच्या हिवाळ्याची गोष्ट. आमचे छोटे वर्कशॉप तेव्हा बाडमेरच्या बाजूस, वाळूत तंबू ठोकून होते. ब्रिगेडच्या नेमबाजीच्या स्पर्धा तोंडावर आल्या होत्या, आणि पिस्तुलाच्या सामन्यात उतरणारे एक मेजरसाहेब एके संध्याकाळी स्वतःच आमच्या तंबूशी आले. स्वभावाने अत्यंत सालस, आम्हां कारागिरांशी आदराने बोलणारे. त्यांनी पिस्तूल हलवून दाखवले आणि सोबत एक अमेरिकन मासिक दिले. त्यात एक सचित्र लेख होता : अमेरिकेत राष्ट्रीय स्पर्धांसाठी .४५ ची पिस्तुले कशी कसतात. चौकटीचे रूळ हातोडीने किंचित ठोकून रुंदावायचे, स्लाइडच्या कडा व्हाइसमध्ये दाबून आत घ्यायच्या, आणि मग बारीक एमरी लावून दोन्ही भाग एकमेकांवर इतके घासायचे की काचेवर काच सरकावी तसे ते सरकू लागावेत.

"जमेल का?" साहेबांनी विचारले.

माझे वय तेव्हा चोवीस. "जमेल" हा एकच शब्द त्या वयात जिभेवर तयार असतो. आमचे विभागप्रमुख, ज्यांना आम्ही सगळे उस्ताद म्हणत असू, ते चार दिवसांच्या रजेवर जालंधरकडे गेले होते. आणि रीतीप्रमाणे नियमपुस्तकाबाहेरचे कोणतेही काम त्यांच्या परवानगीवाचून करण्याची मुभा मला नव्हती. ती रीत मी मोडली. पेट्रोमॅक्सच्या उजेडात, व्हाइसच्या दोन्ही जबड्यांवर तांब्याचे पत्रे चढवून, मी ती स्लाइड दाबली. थोडी दाबून चौकटीवर चढवून पाहिली, पुन्हा दाबली. आणि ती रुळांवर जेमतेम शिरू लागल्यावर एमरी आणि तेल घेऊन दीड रात्र घासत बसलो. कामाच्या त्या आनंदाविषयी मला आजही खोटे बोलवत नाही. पोलादाची धार बोटाखाली हळूहळू मऊ होत जाते, अडखळणारी जागा नेमकी कुठे आहे ते मनगटाला आधी कळते आणि डोळ्याला मागाहून दिसते, आणि पहाटेच्या सुमारास एकदा अशी वेळ येते की स्लाइड मागे ओढून सोडली असता ती एका अखंड, गंभीर, दाट आवाजात मिटते. मी पिस्तूल कानाजवळ नेऊन हलवले. काहीही वाजले नाही. साहेबांनीही हलवले, आणि त्यांच्या चेहऱ्यावरचे समाधान पाहून मला आपल्या बापाची आठवण झाली. घडवलेल्या दाराची फळी चौकटीत बसली की तो असाच हसे.

सामन्याच्या दिवशी सकाळपासून वारा सुटला होता. चांदमारीच्या मैदानावर बारीक, पिठासारखी वाळू उडत होती. दातांखाली येत होती, पापण्यांवर साचत होती. पहिल्या पाच गोळ्या ठीक गेल्या. दुसऱ्या फेरीच्या तिसऱ्या गोळीनंतर स्लाइड पुढे येता येता पाव इंचावर थबकली. साहेबांनी तळव्याने ढकलून ती मिटवली, नेम धरला, एक गोळी झाडली. पुन्हा तोच प्रकार. चाप ओढला तरी घोडा पडेना. कारण स्लाइड पुरती मिटल्याखेरीज घोडा पडू नये अशी योजना या पिस्तुलात असते, आणि ती योजना नसती तर त्या दिवशी काय झाले असते याचा विचार मी आजही टाळतो. वेळ सरली. साहेब मागे वळले, बाजूस उभ्या असलेल्या माझ्याकडे त्यांनी पाहिले, आणि काहीही न बोलता पिस्तूल खाली करून, मॅगझीन काढून, ते माझ्या हाती दिले. मला ते रागावले असते तर बरे वाटले असते. माझ्या शेजारच्या मोर्च्यावर एक वृद्ध सुभेदार, ज्याचे पिस्तूल माळावरून चाललेल्या बैलाच्या घुंगरांसारखे वाजत असे, शांतपणे आपल्या सगळ्या गोळ्या पुऱ्या करीत होता.

दोन दिवसांनी उस्ताद परत आले. मी सगळी हकीकत न लपवता सांगितली. ते आवाज चढवणाऱ्यांतले नव्हते. १९४३ साली आमची ईएमई, तेव्हाची आयईएमई, उभी राहिली तेव्हा ऑर्डनन्स कोअरमधून तिकडे वर्ग झालेल्या आणि ब्रह्मदेशाच्या चिखलात हत्यारे दुरुस्त केलेल्या माणसाला आवाज चढवण्याची गरजच उरलेली नव्हती. त्यांनी पगडी नीट केली, बाकावर पांढरे कापड पसरले आणि विचारले, "बेटा, दाबण्याआधी मोजलं होतंस?"

मी मोजले नव्हते. स्लाइड आणि रूळ यांच्यामध्ये मुळात किती थाऊंची जागा होती, हे मला माहीतच नव्हते. थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. आमच्या सगळ्या सुखदुःखाचे ते माप. फीलर गेज माझ्या खणात होता, डायल गेज कपाटात होता, आणि मी मोजली होती ती फक्त कानाने.

उस्तादांनी एक दुसरे पिस्तूल मागवले, भरपूर खुळखुळणारे. रिकामे असल्याची खात्री त्यांनी स्वतः केली, मग माझ्याकडून करवली. "आता नीट बघ," ते म्हणाले. त्यांनी चौकट डाव्या मुठीत धरून उजव्या हाताने स्लाइड डावीउजवीकडे हलवली. ती हलली, वाजली. "हे हललं. आता सांग, पुढची माशी कशावर आहे?" स्लाइडवर. "मागची खाच?" तीही स्लाइडवर. "आणि नळी?" नळी चौकटीला जखडलेली नसते, स्लाइड मिटली की नळीच्या पाठीवरील उंचवटे स्लाइडच्या आतल्या खाचांत जाऊन बसतात, आणि तिचे तोंड स्लाइडच्या पुढच्या गोल भोकात विसावते. म्हणजे नळी, माशी आणि खाच ही तिन्ही एकाच स्लाइडच्या आश्रयाला असतात. चौकट हलली तरी त्यांचा आपसातला संबंध हलत नाही. नेम धरणारा डोळा माशी आणि खाच जुळवतो. ती जुळली की नळीही त्याच दिशेला असते, मग खाली मूठ दोन थाऊ इकडे असो की चार थाऊ तिकडे. गोळी नळीतून बाहेर पडेपर्यंत नळी आणि स्लाइड एकमेकांना घट्ट धरूनच मागे सरकतात, आणि तेही एक दशांश इंच नाही, कारण त्या दोघींच्या वजनापुढे गोळीचे वजन ते काय! गोळी गेल्यावर मगच नळीच्या बुडाशी असलेला वाकडी खोबण चौकटीतल्या आडव्या दांडीवर येऊन नळीला खाली ओढते, दोघींची पकड सुटते, आणि स्लाइड एकटी मागे धावते.

हे सर्व मी सिकंदराबादच्या प्रशिक्षणात तोंडपाठ केले होते, परीक्षेत लिहिलेही होते. पण पाठ असलेले आणि समजलेले यांत केवढे अंतर असते ते त्या कापडावर मला दिसले.

मग उस्तादांनी नळीच्या तोंडाशी अंगठा ठेवला. "खुळखुळ इथं शोधायची," ते म्हणाले. स्लाइड मिटलेली असताना नळीचे तोंड भोकात वरखाली हलते का. नळीच्या मागच्या माथ्यावर, पुंगळी बाहेर पडण्याच्या खिडकीतून, अंगठ्याने दाबले असता नळी लवते का. हे दोन प्रश्न. त्यांनी मला हिशेब करावयास लावला. नळी पावणेपाच इंचांची. तिचे तोंड चार थाऊ इकडेतिकडे होत असेल तर २५ यार्डांवर, म्हणजे ९०० इंचांवर, तेवढ्यानेच पाऊण इंचाचा फरक पडतो. कागदावर तो आकडा आला तेव्हा माझा कान तापला, कारण मेजरसाहेबांच्या पिस्तुलाची नळी उस्तादांच्या अंगठ्याखाली स्पष्ट हलत होती, आणि दीड रात्र एमरी घासूनही मी तिला स्पर्श केलेला नव्हता. गोळ्यांचा पसारा जो आधी होता तोच मागाहून होता. मी केवळ आवाज घालवला होता, आणि त्याबरोबर वाळू, तेलाची राळ, दारूची काजळी यांना निघून जाण्यासाठी ब्राउनिंगने ठेवलेली जागाही.

त्या अमेरिकन मासिकातला लेख उस्तादांनी माझ्याकडून मोठ्याने वाचून घेतला आणि त्याचा अर्थ विचारला. शेवटून दुसऱ्या परिच्छेदात स्वच्छ लिहिले होते की रूळ कसण्याने नेम सुधारतो तो थोडासाच. खरे काम नळीचे तोंड, तिचे उंचवटे आणि बुडाचा आधार जुळवण्याचे. आणि असे पिस्तूल स्पर्धेच्या मैदानासाठी, जिथे ते रोज पुसून, तेल देऊन, स्वच्छ काडतुसांनी चालवले जाते. मी चित्रे पाहिली होती. परिच्छेद सोडला होता.

.४५ च्या त्याच अमेरिकन पिस्तुलाच्या इतिहासात याचे उत्तर आधीच दिलेले आहे, हे मला पुढे कळले. मार्च १९११ मध्ये त्यांच्या सैन्याने निवडीची जी परीक्षा घेतली तीत ब्राउनिंगच्या पिस्तुलातून ६,००० गोळ्या झाडल्या गेल्या आणि ते एकदाही अडले नाही. त्याच महिन्याच्या २९ तारखेस ते सैन्यात रुजू झाले. दुसऱ्या महायुद्धात मागणी वाढली तेव्हा ते करण्याचे काम ज्यांना दिले गेले त्यांत टंकयंत्रांच्या रेमिंग्टन नावाची कंपनी होती, आगगाडीचे सिग्नल बनवणारा कारखाना होता, आणि ५०० नगांपुरता सिंगरही होता. तोच सिंगर, ज्याच्या यंत्रावर माझ्या बहिणीने आळीतल्या साऱ्या बायकांच्या चोळ्या शिवल्या. एका कारखान्यातली स्लाइड दुसऱ्या कारखान्यातल्या चौकटीवर, कानस न लावता, रणभूमीवर चढली पाहिजे अशी अट होती. ही अट पाळायची तर दोघांमध्ये थोडी जागा सोडावीच लागते. मला हे वाचताना फार समाधान झाले. ती खुळखुळ, जिला मी निष्काळजीपणा समजत होतो, ती हजारो अनोळखी कारागिरांनी एकमेकांसाठी राखलेली सोय होती.

माझा बाप सातारा जिल्ह्यातल्या कोरेगावाकडचा सुतार. उन्हाळ्यात दार बसवताना तो फळी आणि चौकट यांच्यामध्ये हाताच्या नखाएवढी फट ठेवी, आणि नव्या घरचा मालक कुरकुरला की, "मृग लागू दे, मग बोल" एवढेच म्हणे. श्रावणात गावातली निम्मी दारे फुगून अडकत. आम्ही बसवलेली अडकत नसत. लहानपणी त्या फटीतून येणाऱ्या उजेडाच्या रेघेकडे पाहत मी झोपी गेलेलो आहे. आणि तरीही राजस्थानातल्या त्या तंबूत मला ती रेघ आठवली नाही.

उस्तादांनी लेखी खुलासा मागितला. मी लिहून दिला : काम विनापरवाना केले, मापे घेतली नाहीत, स्लाइडचा आकार दाबाने बदलला आहे. त्याखाली त्यांनी विभागप्रमुख या नात्याने आपलीही सही केली, जी करण्याचे त्यांना काहीच कारण नव्हते. स्लाइड नापास ठरली, कारण दाबलेले पोलाद पुन्हा मूळ मापावर आणले तरी त्याच्या पोटात कुठे बारीक तडा धरला असेल ते सांगता येत नाही. साठ्यातली नवी स्लाइड बसवली, नळीही बदलली, गेजने तपासली, आणि मेजरसाहेबांचे पिस्तूल पुन्हा पूर्वीसारखे वाजू लागले. उस्तादांनी मला ते त्यांच्याकडे पोहोचवण्यास पाठवले. साहेबांनी सवयीने कानाजवळ नेले. मी अंगठ्याची ती परीक्षा त्यांना करून दाखवली, माशी आणि खाच कशावर आहेत ते विचारले, आणि त्यांनी, हे मी मुद्दाम नोंदवतो, एका क्राफ्ट्समनकडून पंधरा मिनिटे उभ्याने ऐकून घेतले, मग हसून म्हणाले, "म्हणजे मी चुकीच्या जागी कान लावला होता."

यावरून कोणी असे समजू नये की सैल ते सगळे चांगले. तो दुसऱ्या बाजूचा तितकाच मोठा प्रमाद होईल, आणि आर्मररला तो परवडत नाही. १९६४ च्या सुमारास एक पिस्तूल आले. तक्रार : गोळ्या पसरतात. हलवले तर चिडीचूप, अगदी नव्यासारखे. माझ्या हाताखालचा मुलगा म्हणाला, यात दोष काडतुसांचाच असणार. नळीच्या माथ्यावर अंगठा दाबला तर ती जाणवण्याइतकी लवली. बुडाचा आधार झिजला होता, उंचवट्यांच्या कडा गोल झाल्या होत्या. नळी बदलताच पसारा निम्म्याहून कमी झाला. आणि एकदा तर, कोणतीही तक्रार नसताना, केवळ वार्षिक तपासणीत, एका स्लाइडच्या खिडकीच्या कोपऱ्यात मला केसासारखी एक रेघ दिसली. ओरखडा असेल असे वाटण्याजोगी. ती स्लाइड घासलेटात बुडवून ठेवली, कोरडी पुसली, वर खडूची पूड शिंपडली. आणि थोड्याच वेळात त्या पांढऱ्या पुडीवर आतून झिरपलेल्या घासलेटाची काळसर रेषा उमटली. तडा होता. त्या पिस्तुलाची स्लाइड रुळांवर इतकी चोख बसत असे की पलटणीत त्याला सगळ्यांत चांगले पिस्तूल मानीत. ते ज्यांच्या नावावर होते त्या तरुण लेफ्टनंटना मी ती रेषा दाखवली तेव्हा त्यांचा हात नकळत स्वतःच्या गालाकडे गेला.

म्हणून "कसावे का?" या प्रश्नाला मी कधी हो किंवा नाही असे एका शब्दात उत्तर दिले नाही. कोणते पिस्तूल, कोणाच्या कमरेला, कुठल्या मुलखात, आणि हलते ते नेमके काय, हे विचारल्यावाचून मी हातात पानाही घेतला नाही. रूळ इतके झिजलेले की स्लाइड उचलली जाते, घोड्याचा आघात काडतुसावर वाकडा पडतो, अशी पिस्तुलेही असतात. पण ती ठोकून, दाबून नीट करायची नसतात. ती गेजवर लावायची, आणि नापास झाली तर भाग बदलायचा किंवा हत्यार बाद करायचे. नियमपुस्तकात हे इतक्या रुक्ष भाषेत लिहिलेले आहे की वाचणाऱ्याला त्यामागची माणसे दिसत नाहीत. मला दिसू लागली, कारण त्यांतला एक मी होतो.

१९६९ साली माझी बदली सिकंदराबादला शिक्षक म्हणून झाली. पहिल्याच आठवड्यात नमुन्यांच्या खोलीतील कपाटे लावताना, कापून दाखवलेल्या नळ्या आणि फुटलेल्या स्प्रिंगांच्या मधे, एका लाकडी फळीवर तारेने बांधलेली एक इंग्लिस स्लाइड मला सापडली. खाली चिठ्ठी होती : "अनधिकृत काम. मापाबाहेर." नंबर पाहण्याची गरजच पडली नाही, उजव्या कडेवर तांब्याच्या पत्र्याखालून सुटलेला व्हाइसच्या दातांचा पुसट ठसा होता, आणि तो मी अंधारातही बोटाने ओळखला असता. ती तिथे कोणी पाठवली याचा मला अंदाज होता. उस्ताद तोवर निवृत्त होऊन जालंधरला परतले होते.

त्या वर्षीच्या तुकडीत बावीस मुले होती. घोडा, चाप आणि स्प्रिंग काढलेल्या एका चौकटीवर मी ती स्लाइड चढवली आणि हातोहात फिरवायला दिली. प्रत्येकाने मागेपुढे सरकवून पाहिली. काहींनी डोळे मिटून पाहिली. "केवढी छान बसलीय, साहेब," एक जण म्हणाला, आणि ते खरेच होते. त्या दीड रात्रीचे काम अकरा वर्षांनीही तसेच होते. मग मी खिशातून कागदाची एक पुडी काढली. बाडमेरची वाळू मिळणे शक्य नव्हते. आमच्या परेडच्या मैदानावरची धूळ फडक्यातून गाळून घेतली होती. चिमूटभर रुळांवर टाकली आणि पहिल्याच मुलाला पुन्हा सरकवायला सांगितले. स्लाइड निम्म्या वाटेवर गेली आणि थांबली. त्याने जोर केला. ती करकरली, हलली नाही. मागच्या बाकावरून कोणीतरी विचारले, "साहेब, हे कुणी केलं होतं?"

मी फळीवरची चिठ्ठी सोडवली, खिशातले पेन काढले, आणि तिच्या खालच्या कोऱ्या जागेत, सगळ्यांना दिसेल असे, माझे नाव, माझा नंबर आणि १९५८ हे साल लिहिले.